अमली पदार्थ बाळगल्याची शिक्षा राज्याच्या विधिमंडळातून बदलायची तर

खिशात दीड ग्रॅम एमडी (मेफेड्रोन) सापडली तर जास्तीत जास्त एक वर्षाची सक्तमजुरी. अडीच ग्रॅम सापडली तर जास्तीत जास्त दहा वर्षे आणि खटला थेट विशेष न्यायालयात. मधल्या एका ग्रॅमने सेवन करणारा विक्रेता होत नाही, पण १९८५च्या एनडीपीएस कायद्याला, म्हणजे अमली पदार्थांच्या केंद्रीय कायद्याला, त्यापलीकडे काही दिसत नाही. हे बदलावे असे वाटणारे आमदार, त्यांचे सहायक, वकील आणि व्यसनमुक्तीच्या कामातले कार्यकर्ते यांच्यासाठी हे टिपण आहे. संसदेत काय व्हायला हवे याची चर्चा खूप होते. महाराष्ट्राच्या विधिमंडळाला आणि मंत्रालयाला काय करता येते, कोणत्या क्रमाने करता येते आणि गाडी कुठे अडते, हे फारसे कोणी मांडत नाही.

अधिकार कोणाचा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘औषधी द्रव्ये व विषे’ हा विषय समवर्ती सूचीत १९व्या नोंदीत आहे. फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया याही त्याच सूचीत, पहिल्या आणि दुसऱ्या नोंदीत आहेत. म्हणजे राज्याला या विषयावर कायदा करता येतो. ‘हा केंद्राचा कायदा आहे, आपण काय करणार’ हे मंत्रालयातले नेहमीचे उत्तर अर्धेच खरे आहे.

उरलेले अर्धे अनुच्छेद २५४मध्ये आहे. समवर्ती विषयावर राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर केंद्राचा कायदा टिकतो. मात्र राज्याचे विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवले आणि त्याला संमती मिळाली, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. पुढे संसदेला तो केव्हाही बदलता किंवा रद्द करता येतो, हेही त्याच अनुच्छेदात लिहिलेले आहे.

आता एनडीपीएसचे कलम ८१ वाचा. राज्याच्या एखाद्या कायद्यात या कायद्यापेक्षा कडक निर्बंध किंवा जास्त शिक्षा असेल, तर त्या कायद्याला बाधा येणार नाही, असे ते म्हणते. सौम्य कायद्याला असे संरक्षण नाही. थोडक्यात, शिक्षा वाढवण्याचे दार राज्यासाठी उघडे ठेवले आहे आणि कमी करण्याच्या दारावर राष्ट्रपतींच्या संमतीची कडी घातली आहे. महाराष्ट्रानेही आजवर पहिलेच दार वापरले. जुलै २०२५मध्ये मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात दुरुस्ती करून अमली पदार्थांची तस्करी त्या कायद्याखाली आणण्याचे विधेयक विधिमंडळाने मंजूर केले. तस्करीवर कडक व्हा, याला आमचा विरोध नाही. पण स्वतःपुरते बाळगणाऱ्याची वेगळी व्यवस्था त्याच वेळी केली नाही, तर कडक कायद्याचा पहिला फटका पकडायला सर्वांत सोप्या माणसाला बसतो.

आधी आकडे, मग मसुदा

गृह विभागाचा पहिला प्रश्न ‘अशा केसेस किती’ हाच असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) ‘क्राइम इन इंडिया’ या वार्षिक अहवालात एनडीपीएसचे गुन्हे दोन भागांत दिलेले असतात: स्वतःच्या सेवनासाठी बाळगणे आणि तस्करीसाठी बाळगणे. महाराष्ट्राच्या ओळीतले सलग पाच वर्षांचे दोन्ही आकडे काढा. देशपातळीवरच्या वापराचा अंदाज २०१९मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या सर्वेक्षणात आहे. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातल्या सुमारे २.८ टक्के लोकांनी, म्हणजे जवळपास ३ कोटी १० लाख लोकांनी, आदल्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता. यातली भांग एनडीपीएसमध्ये येत नाही. भाषण तयार करताना हे विसरलात तर समोरचा तिथेच पकडेल.

जिल्ह्याचे चित्र माहितीच्या अधिकारातून काढावे लागते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो १५० शब्दांची मर्यादा, शुल्क १० रुपये. म्हणून प्रश्न तोडून वेगवेगळे अर्ज करा. पहिल्या अर्जात कलम २७ (सेवन) आणि अल्प प्रमाण (कायद्याने ठरवलेल्या लहान मर्यादेच्या आत बाळगणे) यांचे दाखल गुन्हे, वर्षनिहाय. दुसऱ्यात अटक झालेले आणि नोटीस देऊन सोडलेले किती. तिसऱ्यात जप्त पदार्थ व वजन. ‘माहिती या स्वरूपात संकलित केलेली नाही’ असे उत्तर हमखास येते. तेव्हा अपिलात वेळ घालवण्याआधी दोन-तीन पोलीस ठाण्यांच्या नोंदवह्यांची पाहणी मागा. कायद्याच्या व्याख्येत पाहणीचा हक्क आहे. न्यायालयाची बाजू ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर सापडते: न्यायदंडाधिकारी न्यायालय निवडा, कायद्यानुसार शोधा, निकाली प्रकरणे उघडा.

तिथे बहुतेक वेळा एकाच साच्याचे आदेश हाती येतात. आरोपीने गुन्हा कबूल केला, दंड भरला, प्रकरण संपले. वकील नाही, रोजगार बुडतो, तारखा नकोत, म्हणून माणूस कबूल करून मोकळा होतो. पण दोषसिद्धी कायम राहते. पुढे चारित्र्य पडताळणीत ती निघते. पुन्हा तसाच गुन्हा सिद्ध झाला तर कलम ३१प्रमाणे कमाल शिक्षा दीडपट होते. ‘दंडावर सुटतात, मग बदल कशाला’ असे म्हणणाऱ्याला दाखवायला हे आदेश जवळ ठेवा.

कायदा न बदलता होण्यासारखे

आमच्या मते सुरुवात इथूनच करावी. विधेयक फसले तरी हे काम हातात राहते आणि विधेयक पुढे नेताना हाच पुरावा उपयोगी पडतो.

कलम ६४-अ आजही पुस्तकात आहे. कलम २७चा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनाधीन व्यक्तीने स्वेच्छेने शासनाच्या, स्थानिक प्राधिकरणाच्या किंवा शासनमान्य संस्थेत उपचार घेतले, तर तिच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार पूर्ण केले नाहीत तर हे संरक्षण काढून घेता येते. महापालिकेचे रुग्णालयही यात बसते, कारण महापालिका हे स्थानिक प्राधिकरण आहे. तरी हे कलम कमी वापरले जाते, आणि त्याची कारणे अगदी साधी आहेत. आरोपीला ते सांगितले जात नाही. मान्य संस्थांची यादी पोलीस ठाण्यात नसते. प्रमाणपत्र कोणी, कोणत्या नमुन्यात द्यायचे हे ठरलेले नसते.

या तिन्ही गोष्टी एका शासन निर्णयाने सुटतात. त्यात पुढील मजकूर असायला हवा: जिल्हानिहाय मान्य संस्थांची यादी आणि ती दर सहा महिन्यांनी अद्ययावत करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम, आरोपीला पहिल्या दिवशी मराठी आणि हिंदीत द्यायची एक पानी सूचना, अर्जाचा नमुना, प्रगती अहवालाचा नमुना, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवण्याची पद्धत. संस्थांना मान्यता देताना २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी सक्तीची करा. व्यसनमुक्तीच्या नावाने माणसे कोंडून ठेवणाऱ्या जागा आहेत. न्यायालयाचा आदेश घेऊन कोणी तिथे जाऊन पडला तर तुरुंग बरा म्हणायची वेळ येईल.

दुसरे काम पोलीस महासंचालकांच्या परिपत्रकाचे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)मध्ये अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस देण्याची तरतूद आहे आणि सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेची कारणे लेखी नोंदवावी लागतात. अल्प प्रमाणाला कमाल शिक्षा एक वर्षाची आहे. जामिनावर कलम ३७चे कडक निर्बंध व्यापारी प्रमाणाला (कायद्याने ठरवलेल्या मोठ्या मर्यादेहून जास्त साठ्याला) आणि कलम १९, २४, २७-अ यांना लागतात, अल्प प्रमाणाला नाही. मात्र गुन्हा अजामीनपात्रच आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२०मध्ये अभिनेत्री रिया चक्रवर्ती हिच्या प्रकरणात ठरवले. त्यामुळे अटक झाली की जामीन पोलीस ठाण्यात मिळत नाही, कोर्टातच मागावा लागतो. म्हणून नोटिशीच्या परिपत्रकाला इतके मोल आहे.

इथेच एक सूचना. कलम २७(अ) आणि कलम २७-अ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले कोकेन, मॉर्फिन, हेरॉइनच्या सेवनाचे: कमाल एक वर्ष. दुसरे तस्करीला पैसा पुरवण्याचे आणि गुन्हेगाराला आसरा देण्याचे: दहा ते वीस वर्षे. फिर्यादीत एक आडवी रेघ इकडची तिकडे झाली की जामिनाचे सगळे गणित उलटते. परिपत्रकात हे स्वतंत्र वाक्यात लिहून घ्या.

तिसरे, राज्याचा स्वतःचा १९८१चा एमपीडीए, म्हणजे धोकादायक कृत्ये रोखण्यासाठी स्थानबद्ध करण्याचा कायदा. त्यात ‘अमली पदार्थविषयक गुन्हेगार’ या व्याख्येत साठा करणाराही येतो आणि अशा माणसाला बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येते. इथे एनडीपीएसमधली शिक्षा बदलायची नसते, त्यामुळे दुरुस्ती तुलनेने सरळ आहे. ‘केवळ स्वतःच्या सेवनासाठी अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणारी व्यक्ती यात समाविष्ट होणार नाही’ एवढे स्पष्टीकरण व्याख्येला जोडले की पुरे.

मसुदा: कोणत्या कलमांना हात लावायचा

आता मुख्य काम, एनडीपीएस कायद्याची महाराष्ट्रापुरती दुरुस्ती. ‘बाळगणे हा गुन्हा राहणार नाही’ असे एका ओळीत लिहून भागत नाही. पाच ठिकाणी तो बदल धरून ठेवावा लागतो. एक जरी सुटले तरी उरलेले गळते.

पहिली जागा प्रमाणाची. केंद्राच्या १९ ऑक्टोबर २००१च्या अधिसूचनेत आणि नंतरच्या भरीत प्रमाणे दिली आहेत. गांजा: अल्प १ किलो, व्यापारी २० किलो. चरस: १०० ग्रॅम आणि १ किलो. हेरॉइन: ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. कोकेन: २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. एमडी: २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. व्याख्या नीट वाचा: अल्प म्हणजे पहिल्या आकड्यापेक्षा कमी, व्यापारी म्हणजे दुसऱ्या आकड्यापेक्षा जास्त. मधल्या पट्ट्याला कमाल दहा वर्षे आणि एक लाखापर्यंत दंड, व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षे आणि एक ते दोन लाख दंड.

खरी अडचण वजन कशाचे करायचे यात आहे. हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२०मध्ये ठरवले की मिश्रणाचे पूर्ण वजन धरायचे, भेसळीसकट. उदाहरण घ्या. कोणाजवळ ६ ग्रॅम ब्राऊन शुगर आहे आणि तिच्यात हेरॉइन १० टक्के आहे. शुद्ध हेरॉइन ०.६ ग्रॅम, म्हणजे अल्प प्रमाणाच्या आठव्या हिश्शाच्या आत. पण कायद्याने मोजायचे ६ ग्रॅम, आणि माणूस दहा वर्षांच्या पट्ट्यात. जितका माल निकृष्ट तितके वजन जास्त, आणि सर्वांत निकृष्ट माल सर्वांत गरीब माणूस घेतो. रस्त्यावर राहणारा वापरकर्ता दोन दिवसांचे एकदम घेतो तेव्हा तो नेमका या फटीत अडकतो.

अधिसूचना केंद्राची असल्याने तिचे आकडे राज्याला बदलता येत नाहीत. त्यामुळे विधेयकात स्वतंत्र व्याख्या घाला, ‘वैयक्तिक वापराचे प्रमाण’, आणि तिची वेगळी अनुसूची जोडा. शुद्धतेवर आधारलेली मोजणी कागदावर न्याय्य वाटते, पण आम्ही ती सुचवणार नाही. त्यासाठी प्रत्येक लहान नमुन्याचा टक्केवारीसह अहवाल न्यायसहायक प्रयोगशाळेकडून लागेल, आणि हा रासायनिक विश्लेषकाचा (सी.ए.) रिपोर्ट येईपर्यंत आरोपी आत राहील. त्यापेक्षा एकूण वजनच धरा, पण रस्त्यावरच्या मालाचा दर्जा लक्षात घेऊन अनुसूचीतला आकडा उदार ठेवा. पोर्तुगालने २००१पासून लागू केलेल्या कायद्यात दहा दिवसांच्या सरासरी वापराइतके प्रमाण धरले होते. आकडा ग्रॅममध्ये बसवण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडून रोजच्या वापराचे लेखी मत घ्या आणि ते विधेयकासोबतच्या टिपणात जोडा. गांज्यासाठी आणखी एक ओळ हवी. कायद्यातली गांज्याची व्याख्या फुलोऱ्याची आहे. फुलोऱ्याशिवायच्या बिया आणि पाने तिच्यात येत नाहीत. पंचनाम्यात मात्र काड्या, पाला, ओलसरपणा सगळे एकत्र तोलले जाते. ‘वजन वाळलेल्या फुलोऱ्याचे धरले जाईल’ असे लिहा.

दुसरी जागा ‘व्यसनी’ या शब्दाची. कायद्याच्या कलम २मध्ये व्यसनी म्हणजे पदार्थावर अवलंबून असलेली व्यक्ती. कलम ६४-अ आणि कलम ३९ (दोषी ठरलेल्याला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवण्याचे), दोन्ही अशाच व्यक्तीपुरती आहेत. म्हणजे अधूनमधून गांजा ओढणारा, ज्याला उपचाराची गरजच नाही असा विद्यार्थी या संरक्षणात बसत नाही. सुटायचे तर त्याने व्यसनी असल्याचे प्रमाणपत्र मिळवायचे! हा उलटा न्याय विधेयकातून काढायलाच हवा. संरक्षण ‘वापरणाऱ्या व्यक्तीला’ द्या आणि उपचार ज्याला वैद्यकीय गरज आहे त्यालाच.

तिसरी जागा पुराव्याची. कलम ३५ आणि ५४ आरोपीविरुद्ध गृहीतके धरतात. ‘स्वतःसाठी होते’ हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर राहिली तर नवे कलम वापरता येणार नाही. अनुसूचीतल्या प्रमाणाच्या आत वापर स्वतःचाच आहे असे गृहीत धरले जाईल, आणि विक्रीचा आरोप असेल तर सरकारी पक्षाने तो स्वतंत्र पुराव्याने सिद्ध करावा, असे लिहा: तराजू, रिकाम्या पुड्या, गिऱ्हाइकांचे जबाब, पैशाच्या नोंदी.

चौथी जागा कलम ३३ आणि ३२-अ. अल्प प्रमाण बाळगल्याच्या गुन्ह्यालाही प्रोबेशन (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका) मिळत नाही, कारण कलम ३३ ती मुभा अठरा वर्षांखालील आरोपींना आणि फक्त कलम २६ व २७च्या गुन्ह्यांना देते. शिक्षेतली सूट कलम ३२-अ रोखते, त्यातही अपवाद कलम २७चाच. या दोन्ही कलमांतल्या ‘कलम २७’ या शब्दांपुढे ‘किंवा वैयक्तिक वापराच्या प्रमाणाशी संबंधित गुन्हा’ एवढे शब्द घाला. मुख्य कलम राष्ट्रपतींकडे अडले आणि सौम्य पर्याय पुढे रेटावा लागला, तर हीच दुरुस्ती एकटीने बराच दिलासा देऊ शकते.

पाचवी जागा जुन्या प्रकरणांची, आणि बहुतेक मसुदे इथे गप्प असतात. गप्प राहिलात तर सर्वसाधारण वाक्खंड कायद्याप्रमाणे जुनी जबाबदारी तशीच चालू राहते. २००१च्या केंद्रीय दुरुस्तीत चालू खटल्यांना नवी, सौम्य शिक्षा दिली, पण प्रलंबित अपिले वगळली. बशीर विरुद्ध केरळ राज्य या २००४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध धरले. म्हणून चार गट नावे घेऊन लिहा: तपास चालू असलेले, खटला चालू असलेले, अपील प्रलंबित असलेले, शिक्षा भोगणारे किंवा दंड भरून मोकळे झालेले. शेवटच्या गटासाठी चारित्र्य प्रमाणपत्रात ती नोंद दाखवली जाणार नाही आणि कलम ३१खाली ती पूर्वीची दोषसिद्धी म्हणून मोजली जाणार नाही, असे स्पष्ट म्हणा.

मुख्य कलमाचा नमुना असा ठेवता येईल:

*‘या अधिनियमात काहीही अंतर्भूत असले तरी, जी व्यक्ती स्वतःच्या सेवनासाठी अनुसूचीत नमूद केलेल्या प्रमाणाहून अधिक नसेल इतका पदार्थ जवळ बाळगील किंवा त्याचे सेवन करील, तिला अटक करण्यात येणार नाही, तिला विहित नमुन्यात सूचना देऊन मूल्यांकन केंद्राकडे पाठविण्यात येईल, आणि तिने ठरवून दिलेल्या मुदतीत मूल्यांकन करून घेतल्यास, उपचाराची आवश्यकता असो वा नसो, तिच्यावर खटला चालविण्यात येणार नाही.’*

‘उपचार पूर्ण केले’ म्हणजे काय, याचीही व्याख्या करा. हेरॉइनच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे पर्यायी औषध वर्षानुवर्षे चालू राहू शकते, त्याला ‘पूर्ण’ अशी तारीख नसते. एमडीला असे पर्यायी औषध नाही, तिथे समुपदेशन आणि पाठपुरावा हाच उपचार. एकदा घसरण झाली म्हणजे उपचार सोडले असे होत नाही, हे वाक्य कायद्यातच हवे. ते नियमांवर सोपवले तर पहिल्याच प्रगती अहवालावर संरक्षण जाते.

क्रमांकांची काळजी घ्या. २०१४च्या केंद्रीय दुरुस्तीत कलम २मध्ये एक नवी व्याख्या घुसवली, त्यामुळे ‘अवैध व्यापार’ची व्याख्या एक अक्षर पुढे सरकली, पण कलम २७-अमधला संदर्भ जुनाच राहिला. त्रिपुरा उच्च न्यायालयाने २०२१मध्ये बोट ठेवल्यावर आधी अध्यादेश आणि मग डिसेंबर २०२१मध्ये दुरुस्ती कायदा करावा लागला, तोही २०१४पासून पूर्वलक्षी. मसुदा झाला की सगळ्या कायद्यात बदललेल्या प्रत्येक क्रमांकाचा संदर्भ एकट्याने नाही, दोघांनी वेगवेगळा तपासा.

सभागृहात

सरकारने विधेयक आणले तर उत्तमच. नाही आणले तर अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक. सोबत उद्देश व कारणे यांचे निवेदन, नियम करण्याचे अधिकार देत असाल तर प्रत्यायुक्त विधानासंबंधीचे ज्ञापन, आणि मूल्यांकन केंद्रांवर खर्च होणार असल्याने वित्तीय ज्ञापन लागते. राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च असेल तर अनुच्छेद २०७(३)प्रमाणे विधेयक विचारात घेण्यासाठी राज्यपालांची शिफारस लागते. हे वेळेवर न मागितल्याने विधेयक अडकते. खर्च कमी दाखवायचा तर नवी केंद्रे न उभारता जिल्हा रुग्णालयांतले मानसोपचार विभाग आणि महापालिका रुग्णालये यांनाच मूल्यांकन केंद्र म्हणून नेमण्याची तरतूद करा.

अशासकीय विधेयक मंजूर होणे अवघड, हे धरूनच चाला. मंत्री उत्तरात ‘शासन सकारात्मक आहे, सदस्यांनी विधेयक मागे घ्यावे’ म्हणतील. तेव्हा सदस्याने मागे घेण्यापूर्वी नेमके आश्वासन कामकाजात नोंदवून घ्यावे: कोणता शासन निर्णय, कोणत्या विभागाचा, कोणत्या अधिवेशनापूर्वी. असे आश्वासन मग आश्वासन समितीकडे पाठपुराव्याला जाते. मोघम ‘सकारात्मक’वर मागे घेतलेल्या विधेयकातून काहीच उरत नाही. त्याच अधिवेशनात कलम ६४-अ किती जणांना लागू झाले यावर तारांकित प्रश्न टाकून ठेवा. मंत्र्यांना आकडा द्यावा लागतो आणि तो आकडा वर्तमानपत्रांत येतो.

विरोधी पक्षांशी बोलताना, आणि स्वपक्षातल्या घाबरलेल्यांशीही, विक्रेत्याची शिक्षा एका दिवसानेही कमी होत नाही हे कलमवार दाखवा. पोलीस अधिकाऱ्यांना आधी भेटा. दीड ग्रॅमच्या पुडीसाठी पंच शोधा, मुद्देमाल सील करा, प्रयोगशाळेत पाठवा, आरोपी कोर्टात न्या, या सगळ्यात किती मनुष्यतास जातात हे तेच सर्वांत चांगले सांगतील.

दिल्लीचा टप्पा

डिसेंबर २०२१मध्ये महिला आणि मुलांवरील अत्याचारांना कडक शिक्षा देणारे शक्ती विधेयक महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले आणि कायदा झालेच नाही. त्यामागे राज्यभरातली जनभावना होती. अमली पदार्थांच्या विधेयकामागे ती नसेल, म्हणून कागद अधिक पक्का हवा.

राखून ठेवण्याच्या प्रस्तावात विसंगती नेमकी कोणत्या कलमांशी आहे ते नाव घेऊन लिहा. कैसर-ए-हिंद विरुद्ध नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशन या २००२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्या केंद्रीय कायद्याबाबत संमती मागितली आणि विचार झाला, तेवढ्यापुरतेच तिचे संरक्षण मिळते. तो वाद महाराष्ट्राच्याच भाडे कायद्याचा होता. ‘केंद्रीय कायद्यांशी विसंगत असू शकते’ असे मोघम पत्र गेले तर संमती मिळूनही कायदा कोर्टात पडू शकतो. कलम २०, २१, २२, २७, ३२-अ, ३३, ३५, ५४, ६४-अ, प्रत्येकापुढे एका वाक्यात फरक आणि कारण, असा तक्ता जोडा.

केंद्रीय गृह मंत्रालय संबंधित मंत्रालयांची मते मागवते. एनडीपीएस कायदा वित्त मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे, अमली पदार्थांविरुद्धची केंद्रीय तपास यंत्रणा एनसीबी गृह मंत्रालयाकडे, व्यसनमुक्ती सामाजिक न्यायाकडे, उपचार आरोग्याकडे. सर्वांत मोठा आक्षेप आंतरराष्ट्रीय करारांचा येईल. त्याचे उत्तर तयार ठेवा. १९८८च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचा अनुच्छेद ३(२) स्वतःसाठी बाळगणे गुन्हा ठरवायला सांगतो, पण प्रत्येक देशाच्या घटनात्मक तत्त्वांच्या अधीन राहून. आणि अनुच्छेद ३(४)(ड) अशा प्रकरणांत दोषसिद्धी किंवा शिक्षेला पर्याय म्हणून उपचार, शिक्षण, पुनर्वसन यांची मुभा देतो. १९६१च्या कराराच्या अनुच्छेद ३६मध्येही उपचाराचा पर्याय आहे. वरच्या नमुन्यात कृत्य कायदेशीर केलेले नाही, खटल्याला पर्याय दिला आहे, तो याच कारणासाठी.

लागू करण्याचा क्रम

अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याने नोव्हेंबर २०२०मध्ये मतदारांच्या कौलाने बाळगण्याचा गुन्हा काढून टाकला. फेब्रुवारी २०२१पासून शंभर डॉलरपर्यंतचा दंड, आणि दूरध्वनीवर आरोग्य तपासणी करून घेतली तर तोही माफ. शिक्षा ठरल्या दिवशी गेली, पण उपचाराचा पैसा संस्थांपर्यंत उशिरा पोहोचला, आणि दंडाची चिठ्ठी मिळालेल्यांपैकी फार थोड्यांनी त्या क्रमांकावर फोन केला. रस्त्यावर उघड वापर दिसू लागला, लोकमत फिरले आणि १ सप्टेंबर २०२४पासून तिथे बाळगणे पुन्हा गुन्हा झाले.

म्हणून विधेयकाच्या पहिल्या कलमात सगळे एकाच दिवशी अमलात येईल असे लिहू नका. मूल्यांकन केंद्रे आणि नियमांची कलमे आधी, अटक थांबवणारे कलम त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्याने, केंद्र चालू असल्याचे जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र राजपत्रात आल्यावर. मात्र यालाही बाहेरची मर्यादा घाला, उदाहरणार्थ अठरा महिने, नाहीतर प्रमाणपत्र न देऊनच कायदा गोठवता येईल. मूल्यांकनासाठी माणसाला फोन नंबर देऊन सोडू नका; तारीख, वेळ आणि ओपीडीची खोली लिहिलेली चिठ्ठी द्या, आणि ती शक्यतो दुसऱ्याच दिवसाची असू द्या. पोलीस ठाण्यातल्या सूचनेची स्थळप्रत कोर्टात आणि तिसरी प्रत केंद्रात जायला हवी. तीन प्रतींचे पुस्तक छापायचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून करायचा, तेही नियमांत लिहून टाका.